मलिंगारच्या तहसीलदारबाई

रेडिओवर गेलेल्या माणसांची नावं वाचायला सुरुवात झाली की तहसीलदारबाईंच्या स्वयंपाकघरात खोकायचीसुद्धा सोय नव्हती. आम्ही सांभाळायला ठेवलेली पोरं टेबलाभोवती बसलेली, तोंडात ब्रेडचा घास, पण चावायचा नाही. चावल्याचा आवाज होतो. आयर्लंडच्या लहान गावांत लोकल रेडिओवर हे रोज ठरल्या वेळी वाचतात: कोण गेलं, कुणाचा कोण, चर्चमध्ये किती वाजता, पुरणार कुठे. बाई अर्धा सोललेला बटाटा हातात धरून उभ्याने ऐकायच्या. संपलं की "राइट" म्हणायच्या, बटाटा ठेवायच्या आणि भिंतीतल्या कपाटातून काळा कोट काढायच्या. त्या कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात, आणि बाईंच्या प्रेसमध्ये तो कोट सगळ्यात पुढे टांगलेला असायचा.

त्यांचं खरं नाव ब्रायडी. तहसीलदारबाई हे माझ्या बाबांचं काम. आम्ही मलिंगारला राहायला आलो तेव्हा मी चार वर्षांची. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, बाबा रोज गाडी हाणत डब्लिनला जायचे, कंपनीत. मला कुठेतरी टाकायला हवं होतं, म्हणून ही पोरं सांभाळणारी माइंडर शोधली. पहिल्याच दिवशी तिने बाबांची उलटतपासणी घेतली. मुलगी काय खाते, काय खात नाही, का खात नाही, रात्री कोण झोपवतं, न्यायला उशीर झाला तर कोणाच्या परवानगीने झाला. बाबा घामाघूम होऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "मूल सांभाळायला ठेवायला गेलो होतो की सातबारा काढायला?" तेव्हापासून आमच्या घरात तहसीलदारबाई. त्यांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर बाबांची खैर नव्हती.

राग हा त्यांचा रोजचा पोशाख होता. पावसावर राग, पाऊस थांबला तर त्यावर राग, फादरच्या लांबणाऱ्या प्रवचनावर राग, मिळमिळीत चहावर तर विचारूच नका. शेजारच्या नोरीनशी त्यांचं हेजवरून भांडण होतं. दोन घरांच्या मधलं झुडपांचं कुंपण, ते कोणी कापायचं आणि किती कापायचं यावरून दोघी माझ्या जन्माआधीपासून बोलत नव्हत्या. मग एका दुपारी रेडिओवर नोरीनच्या नवऱ्याचं नाव आलं. बाईंनी कोट चढवला, आम्हाला गाडीत कोंबलं, आणि त्या बाईच्या दारात पहिल्या जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी तिचा हात धरला. सँडविचचं ताट करून नेलं होतं, तेही दिलं. नोरीन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. परत येताना गाडीत बाई म्हणतात कशा, "बघितलंत का ते हेज? तिच्या बाजूने तर जंगल झालंय जंगल!" मी विचारलं, "पण आत्ताच तर तुम्ही तिला जवळ घेतलंत?" तर म्हणाल्या, "भांडायला उद्याचा दिवस आहे, पोरी. पुरायला एकच दिवस असतो."

अशी मी गावातल्या निम्म्या मयतांना जाऊन आले. दुसरी कुठली पोरं शाळेनंतर पोहायला जातात, नाचाच्या क्लासला जातात. आम्ही फ्युनरलला जायचो. घरात दिवाणखान्यात उघडी शवपेटी, भोवती खुर्च्या, आणि लोक रांगेने येऊन घरच्यांशी हात मिळवणार. रांगेत शिरण्याआधी बाई आमची तोंडं रुमालाने पुसायच्या आणि नियम सांगायच्या. हात मेलेल्या माशासारखा लुळा द्यायचा नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं आणि पुढे सरकायचं, भाषण ठोकायचं नाही. सुटला बिचारा, असं तर चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. रडू येत नसेल तर आणायचं नाही, येत असेल तर दाबायचं नाही. आणि खायला थांबायचं, कारण घरच्यांना रिकामं घर खायला उठतं. दूर चर्चच्या भिंतीला टेकून सिगारेट ओढत उभे राहणारे पुरुष दिसले की बाई वाटेत थांबून त्यांना झापायच्या, "आत काय तिकीट आहे का रे?" टोप्या काढून निमूट आत जायचे सगळे.

मला मजा वाटायची असं म्हटलं तर लोक चमकतात. भीती मात्र कधी वाटली नाही, हे शप्पथ. अंड्याची सँडविचं मिळायची, म्हातारी माणसं गालाला हात लावायची, कोणी हसायचं, कोणी रडायचं, आणि मधोमध ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस चांगले कपडे घालून निजलेला. बाई मला उचलून दाखवायच्या. "हा जिम. ह्याने मला सायकल शिकवली आणि खड्ड्यात पाडलं. बघून घे." मी बघून घ्यायची.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं ते सुपरमार्केटमध्ये, दुधाच्या कपाटासमोर. एक अनोळखी बाई आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुमची मुलगी माझ्या नवऱ्याच्या फ्युनरलला आली होती. काय हात मिळवला तिने! मोठ्या माणसांना जमत नाही असा." आईच्या चेहऱ्याचा रंग गेला. मला दंडाला धरून थेट घरी आणलं. आल्याबरोबर मला कपड्यांसकट बाथरूममध्ये ढकललं आणि डोक्यावरून पाणी. तो माणूस जाऊन आठवडा उलटला होता, पण आईला त्याचं काय! "सात वर्षांच्या पोरीला मयतीला नेतात? मयतीला?" ती बादलीला विचारत होती. बाबा दाराबाहेरून म्हणाले, "अगं, त्यांच्यात चालतं ते." त्यावर आई म्हणाली, "आपल्यात चालत नाही," आणि माझ्या डोक्याला एवढ्या जोरात टॉवेल लावला की अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी आई तणतणत बाईंच्या घरी गेली. मी तिच्या मागे, ओढणी धरून. तहसीलदारबाई दारातच उभ्या. आईने आपल्या पुस्तकी इंग्रजीत सगळं सुनावलं. लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो, आमच्याकडे असं नसतं, तुम्ही विचारायला हवं होतं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेच आश्चर्य. मग म्हणाल्या, "विचारायला हवं होतं, हे खरं. पण वैशाली, ती हे शिकणार कुठे? तू शिकवणार?"

"सात वर्षांची आहे ती!"

"माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला शेजारच्या घरी नेऊन ठेवलं, हातात बिस्किटं दिली आणि सांगितलं, आई गावाला गेलीय. संध्याकाळी घरी आले तर घर झाडून पुसून साफ. मी वर्षभर गेटवर उभी राहायचे. कोणी सांगितलंच नाही ना मला!" हे सांगताना त्या रडल्या नाहीत. लाल झाल्या होत्या, संतापाने. इतक्या वर्षांनीसुद्धा.

आई मला घेऊन परत आली. पुढे दोघींत तह झाला, कसा ते मला माहीत नाही. तह असा, की मुक्ताला न्यायचं, पण परत आल्यावर अंघोळ. मग बाई मला घरी सोडताना दारात उभ्या राहून रिपोर्ट द्यायच्या, "हिची झालीय हं, वैशाली. केसांवरून. माझी विचारू नकोस, मी शनिवारी करते." आई तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारखं करून हसायची.

मोठी झाले तशी मला माइंडरची गरज उरली नाही, पण मी जात राहिले. आईशी भांडून बाईंकडे, आणि बाईंशी भांडून आईकडे. माझं मराठी आईशी भांडून पक्कं झालं आणि इंग्रजी बाईंशी. एकदा बटाटे सोलता सोलता बाईंनी आपल्या फ्युनरलची व्यवस्था सांगितली. तिकडे म्हातारी माणसं हे असं बोलतात, आपल्याकडे लग्नाचा मेनू ठरवतात तसं. वाचन मुलगा टॉम करणार. गाणारी अमुक बाई नको, ती बेसूर आहे. आणि मासच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी गेलेल्याच्या आयुष्यातली एखादी वस्तू वेदीपाशी नेऊन ठेवतात, ती वस्तू म्हणजे त्यांचा रेडिओ.

"आणि तो तू न्यायचास."

"मी? मी हिंदू आहे."

"मग? रेडिओ कॅथलिक आहे का?" बाई उसळल्या. "टॉमला दिला तर तो वायर जमिनीवर फरफटत नेईल. तुला मी शिकवलंय. नीट चालशील तू."

मी हो म्हटलं. त्यांनी बटाटा पातेल्यात टाकला आणि दुसऱ्या कशावर तरी चिडायला सुरुवात केली.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्या गेल्या. लीव्हिंग सर्टच्या तोंडावर, म्हणजे आपली बारावीच समजा. आमच्या घरात त्या काळात जे चाललं होतं ते कुठल्याही मराठी घरात चालतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, माझा फोन आईच्या पर्समध्ये. बाबा रजा टाकून मला परीक्षेला सोडायचे आणि गेटपासूनच उचलायचे. मैत्रिणींशी झालेल्या पेपरची चर्चा करायची नाही, हा बाबांचा कायदा, कारण त्याने पुढचा पेपर बिघडतो. मैत्रिणींना वाटलं, बाई गेल्याचं मला माहीत आहे. माझे डोळे सुजलेले होतेच, जागून जागून. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं पेपरसाठी.

गणिताच्या पेपरला चर्चची घंटा वाजली. परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकू येते ती. संथ, एकेक टोला. कोणीतरी गेलंय, असं माझ्या मनात आलं आणि मी पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. त्या घंटेची मला आजही चीड येते. माझी नाही, घंटेची. नाही, घंटेचीही नाही.

शेवटचा पेपर झाला. बाबांनी आइस्क्रीम आणलं होतं. मी ते खात असताना गाडी सिग्नलला थांबली आणि बाबा समोर बघत म्हणाले, "मुक्ता, एक सांगायचं होतं. तहसीलदारबाई गेल्या." मला वाटलं आत्ता, आज सकाळी. मी म्हटलं, "चला मग, तिकडेच चला." बाबा म्हणाले, "अगं, झालं सगळं. मागच्या आठवड्यातच." मी दार उघडून तिथेच रस्त्यात उतरले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू देत.

मी बाईंच्या घरी पोचले तेव्हा टॉम आपल्या आईचं स्वयंपाकघर आवरत होता. मला बघून त्याने आधी चहा टाकला, आईसारखाच. तो अजिबात रागावलेला नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "आम्ही थांबलो होतो थोडं," तो म्हणाला. "फादरनी दोनदा दाराकडे बघितलं. मग माझ्या चुलतभावाची बायको उठली आणि तिने नेला रेडिओ." मी विचारलं, वायर? तो कसनुसा हसला. लोंबत होती म्हणाला. आणि मग म्हणाला, "तुझी आई आली होती की घरी, आदल्या दिवशी. रांगेत उभी होती. तू परीक्षेत आहेस म्हणाली." म्हणजे आई गेली होती! स्वतः जाऊन आली, हात मिळवून आली, तोंड बघून आली, आणि घरी येऊन मला विचारलं, प्रॉबॅबिलिटी झाली का गं?

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते शेजारच्या घरापर्यंत गेलं असणार. मी ओरडले, बाबा ओरडले. "चार वर्षं त्या मार्कांसाठी घासलीस, ती पाण्यात घालायची होती का?" "गेलेलं माणूस परत येणार होतं का?" "तुझ्या भल्यासाठीच केलं ना?" हे तुझ्या भल्यासाठी! आपल्या लोकांनी या दोन शब्दांखाली काय काय दडपलंय, देव जाणे. आजोबा गेले तेव्हा बाबांना नाही सांगितलं, त्यांचा इंटरव्ह्यू होता म्हणून. आत्याचा आजार लपवला, चुलतबहिणीचं लग्न होतं म्हणून. मरण म्हणजे काय घरात आलेली चोरीची वस्तू आहे, की मुलांना दिसू नये म्हणून माळ्यावर टाकायची? आणि मार्क मात्र दिवाणखान्यात मांडायचे. मला मिळाले मार्क. हवं ते कॉलेज मिळालं. आईने पेढे केले आणि गल्लीत वाटले, नोरीनच्या घरीसुद्धा. नोरीनने पेढा घेतला, आणि मला रस्त्यात गाठून म्हणाली, "सगळे होते. तू नव्हतीस." हेजच्या पलीकडची ती बाई, जिने वर्षानुवर्षं बाईंना शिव्या घातल्या, तीसुद्धा होती!

आई त्या भांडणात एक शब्द बोलली नाही. मीही तिला काही विचारलं नाही. त्यानंतर आमचं बोलणं सुरळीत झालं, म्हणजे भाजी काय केलीस, थंडी किती आहे, असं. मी डब्लिनला शिकले, नोकरीला लागले, तिथेच ल्यूकनला घर घेतलं. राग काही गेला नाही. सणासुदीला घरी जायची, जेवायची, आणि तो राग घेऊन परत यायची.

या वर्षी हिवाळ्यात ऑफिसात नागपूरहून नितीनदादाचा फोन आला. माझा मामेभाऊ. मामा पहाटे गेला होता, हार्ट अटॅकने. आईचा एकुलता एक भाऊ. दादा रडत होता, आणि रडता रडता म्हणाला, "आत्याला इतक्यात सांगू नका हं. परवा तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे ना? काकांशी बोललोय मी. ते म्हणाले, ऑपरेशन होऊ दे, मग सावकाश सांगू." काका म्हणजे माझे बाबा!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दादा, मामाला कुठे ठेवलंय?"

"घरीच. दुपारी नेणार."

"नेणार नाही. त्याला हॉस्पिटलच्या शवागारात ठेव. आई येतेय."

"अगं, एवढं कोण थांबतं? लोक जमलेत. गुरुजी आलेत."

"लोकांना जेवायला घाल आणि घरी पाठव. गुरुजींनाही. तिचा भाऊ आहे तो. तू जर त्याला आज नेलंस ना दादा, तर मी आयुष्यभर तुझ्याशी बोलणार नाही, आणि हे मी नुसतं म्हणत नाहीये." मी ऑफिसात उभी राहून किंचाळत होते. शेजारची आयरिश पोरगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिला मराठी कळत नव्हतं, पण कोणीतरी गेलंय हे तिला बरोबर कळलं.

मलिंगारला पोचले तर दार बाबांनी उघडलं. मला बघूनच त्यांनी ओळखलं. कुजबुजत म्हणाले, "मुक्ता, हे बघ, किती वाट बघून मिळालेली तारीख आहे. आत्ता नको. तिच्याच भल्या..."

"बाबा, तो शब्द उच्चारू नका!"

आवाज ऐकून आई ओल्या हातांनी बाहेर आली. "काय झालं? का ओरडतेस बापावर?" मी तिचे ओले हात धरले, घट्ट, आणि डोळ्यांत बघून सांगितलं, "आई, मामा गेला. आज पहाटे. त्याला ठेवलंय. तुझं तिकीट काढलंय, आत्ता निघायचंय."

आई जिन्याच्या पायरीवर बसली. रडली नाही लगेच. बाबांकडे बघून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" बाबा दार लावायला वळले. आईने त्यांच्याकडे जे बघितलं, ते बघणं मला ओळखीचं वाटलं. असंच मी दोघांकडे बघत आले होते इतकी वर्षं. मग ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, "माझी पांढरी साडी वरच्या कप्प्यात आहे, काढ." ऑपरेशनचं नावही तिने काढलं नाही.

आईचा नागपूरहून फोन आला तेव्हा मागे भांड्यांचा आणि बायकांचा आवाज होता. आवाज बसला होता तिचा. "झालं गं सगळं. थांबले होते माझ्यासाठी. तोंड बघितलं त्याचं. तुळशीपत्र मीच ठेवलं. पोचले मी, मुक्ता."

बरं झालं आई, आता पड जरा, असं काहीतरी म्हणायला हवं होतं मी. भाऊ गेलेल्या बाईला दुसरं काय म्हणतात? पण माझ्या तोंडून निघालं, "मलाही बघायचं होतं."

कोणाला, ते तिने विचारलं नाही. फोनवर नुसती भांडी वाजत राहिली. मग चालत चालत ती बाहेर कुठेतरी आली असावी, कारण आवाज कमी झाले.

"मी बघितलं होतं," आई म्हणाली. "सांगू तुला?"

"सांग."

"निळा बटणांचा स्वेटर घातला होता. हातात ती त्यांची जपमाळ. केस कोणीतरी भलत्याच बाजूला विंचरले होते. मला वाटलं आपण नीट करावेत, पण धीर झाला नाही. माझ्या पुढची बाई म्हणाली, किती शांत दिसतात. कसल्या डोंबलाच्या शांत! चांगल्या रागावलेल्या दिसत होत्या."

"कोणावर?"

"माझ्यावर, आणखी कोणावर," आई म्हणाली. "तुला घरी ठेवून एकटी गेले होते ना मी."